कूलर बंद ठेवून शिकलेली भाषा

बेसा येथील आमच्या घरी यंदा कूलर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बसला. माणूस आला, त्याने काळपट पडलेल्या जुन्या ताट्या काढल्या, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकीत पाणी सोडले आणि बटण दाबले. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर झाला. या वासाने नागपुरात माणसे सुखावतात. माझा हात आपोआप बटणाकडे गेला आणि कूलर बंद झाला.

"काहून बंद केला वं?" सासऱ्यांनी विचारले. मग त्यांच्याच लक्षात आले. "राहू दे चालू. आता कोन बोलून राहिलं अठी?"

मी बटण पुन्हा दाबले. पाणी ताट्यांवरून उतरू लागले. 

गेल्या वर्षी मार्च ते जून या चार महिन्यांत हा कूलर रोज दुपारी साडेतीन ते पाच बंद असे. ती वेळ फ्रेंच ऐकण्याच्या सरावाची होती. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. फ्रेंच माणसे शब्दांची शेपटे बोलताना गिळतात. उरलेला भाग कूलरच्या घरघरीत बुडायचा. हेडफोन लावून पाहिले. घरघर फरशीतून, खुर्चीच्या पायातून, दातांपर्यंत येत होती. म्हणून कूलर बंद, पंखा बंद, खिडक्यांना ओली चादर. भिंतीला हात लावला तर ती तापलेल्या तव्यासारखी लागे. आणि त्या खोलीत कोणीतरी फ्रेंच बाई रेल्वे स्थानकावर गाडी उशिरा येणार असल्याचे सांगत असे. किती उशिरा, ते मला कळत नसे.

निकाल पहिल्या वाक्यात द्यायचा, हा माझ्या कामाचा नियम आहे. एका मराठी दैनिकात मी बारा वर्षे उपसंपादक आहे. या मजकुरात तो नियम पाळता येत नाही, कारण त्या चार महिन्यांत शेवटचा निकाल नव्हता. त्याची भीती तेवढी होती.

वस्तुस्थिती अशी होती. माझा नवरा निलेश शिकायला कॅनडाला गेला. शिक्षण झाले, तिथेच एका गोदामात नोकरी लागली. त्याचा काम करण्याचा परवाना ऑक्टोबरात संपणार होता. कायम राहण्यासाठी लागणारे गुण त्याच्या नावावर भरत नव्हते. फ्रेंच येणाऱ्यांची निवड मात्र वेगळी होते आणि तिथे कमी गुण पुरतात. त्याला शिफ्टमधून डोके वर काढायला वेळ नव्हता. म्हणून अर्ज माझ्या नावाने करायचा आणि फ्रेंच मी शिकायचे, असे ठरले. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे. चारही भागांत किमान सातवी पातळी हवी. तीन भागांत आठ आणि एकात सहा, असा हिशेब तिथे चालत नाही. सात मिळाले आणि ऑक्टोबरच्या आत अर्ज गेला, तर निलेश तिथे राहणार आणि वर्षभरात कागद झाले की मी त्याच्याकडे जाणार. नाही मिळाले, तर तो परत येणार.

घरात तिसरे माणूस सासरे. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात ते बुकिंग क्लार्क होते. आयुष्यभर त्यांनी ट्रकच्या बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडल्या. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या. निलेश त्यांचा एकुलता एक. मी नापास झाले असते तर त्यांचा मुलगा घरी आला असता. पास झाले असते तर सूनही गेली असती. हे वाक्य त्या चार महिन्यांत आमच्या घरात कोणीही उच्चारले नाही.

भीतीची जागा पोट असते असे म्हणतात. माझ्या बाबतीत ती मान होती. सकाळी उठले की मानेची उजवी बाजू दगडासारखी. दात घासताना मी क्रियापदे म्हणत असे आणि तिसऱ्या क्रियापदाला अडले की पेस्ट गिळली जाई. ऑफिसात बातमीचे शीर्षक लावताना मराठी शब्द आठवत नसे, त्याचा फ्रेंच शब्द आठवे, आणि परीक्षेच्या सरावात नेमके उलटे होई. दोन्ही भाषा मिळून मला मुके करतील, असे एका दुपारी वाटले. ते वाटणे खोटे होते. पण त्या दुपारी त्याची खातरजमा करायला दुसरा स्रोत नव्हता.

शिकवणी आदल्या वर्षापासून हुडकेश्वरला होती. देशकर मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या फ्रेंचच्या शिक्षिका. आम्ही त्यांना मादाम म्हणायचो. त्या फ्रान्सला कधी गेल्या नव्हत्या. हे त्या पहिल्याच दिवशी सांगून टाकत. जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण बसायचो. प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर आंब्यांची चित्रे होती आणि प्रत्येकाच्या कोपराखाली घामाचे तळे. कोणी हसत नसे. एकमेकांचे गुण विचारायचे नाहीत, हा त्या टेबलाचा न लिहिलेला नियम होता. कोणी एक आठवडा आले नाही, तर ते पास झाले की खचले, हेही विचारायचे नाही.

आकड्यांनी पहिल्यांदा घाबरवले. फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव म्हणायला चार-वीस-दहा-सात म्हणावे लागते. ध्वनिफितीतला माणूस दूरध्वनी क्रमांक सांगतो, आणि आपण चार लिहून बसतो तेव्हा तो ऐंशीवरून पुढे निघून गेलेला असतो. मी हे घरी मराठी अर्थासह मोठ्याने पाठ करत होते. सासरे पेपर वाचत होते.

"चार वीस म्हंजे?"

"ऐंशी, बाबा. चार वेळा वीस."

"म्हंजे चार कोड्या." त्यांनी पेपर खाली ठेवला. "बांबू मोजून राहिले का हे लोक? आमच्या गोदामात बांबूचा ट्रक आला का असाच मोजत होतो आम्ही. चार कोड्या अन् वरचे सतरा. सोपं तं आहे."

त्या दिवसापासून मी फ्रेंच आकडे बांबूंच्या हिशेबाने ऐकू लागले. चार कोड्या आणि सतरा. चुका कमी झाल्या. त्या उन्हाळ्यात एवढी एकच गोष्ट विनासायास सुटली.

लिहिण्याची भीती मला नव्हती, आणि तीच चूक होती.

लिहिण्याच्या परीक्षेतला पहिला प्रश्न असा असतो: एका बातमीची सुरुवात देतात आणि ती पुरी करायला सांगतात. पाचही जणांत हा प्रश्न वाचून मीच निर्धास्त झाले. मादामनी सरावाला दिलेली सुरुवात अशी होती: काल सकाळी एका छोट्या गावात एक गाय टपाल कार्यालयात शिरली. पुढे लिहा.

मी लिहिले, गाईला इजा झाली नाही. गाय कोणाची हे कळू शकले नाही. टपाल सेवा दुपारनंतर पूर्ववत झाली, असे कर्मचाऱ्यांनी सांगितले. चौकशी सुरू आहे.

मादामनी वही उलटून पाहिली. "संपली?"

"हो."

"अगं, अजून निम्मेसुद्धा शब्द झाले नाहीत. गाय आत का गेली? बाहेर कशी काढली? कोण पडलं, कोण रडलं?"

"ते दिलेलं नाही, मादाम."

"म्हणून तर तुला लिहायचं आहे!"

"पण माहीतच नाही तर..."

टेबलाभोवतीचे बाकीचे चौघे त्या दिवशी पहिल्यांदा हसले. वाडीहून येणारी एक नर्स होती, ती म्हणाली, "ताई, तुम्ही पेपरवाले कधीपासून इतके खरे बोलायले लागले?"

मादाम हसल्या नाहीत. "हे बघ," त्या म्हणाल्या, "खोटी लिही. बिनधास्त. इथे कोणी तुझ्याकडे खुलासा मागायला येणार नाही."

मी मान डोलावली. घरी येऊन सराव केला. पण बारा वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. जे कोणी सांगितले नाही ते लिहायला पेन उठत नसे. मी गाईला रंग द्यायलाही कचरत होते. नवीन वार्ताहराच्या बातमीतून अशा ओळी मी रोज काढते: "पाहून उपस्थितांचे डोळे पाणावले." किती उपस्थित? कोणी मोजले? लाल शाई. आता तीच ओळ मला लिहायची होती आणि तिच्यावरून मला पातळी मिळणार होती.

पहिली परीक्षा मार्चच्या अखेरीस पुण्याला झाली. ऐकण्याच्या खोलीत वातानुकूलन होते. इतकी शांतता होती की मला कूलर नसल्याचे ऐकू येत होते.  लिहिण्याच्या भागात बातमीची सुरुवात आली: एका बसचालकाला शेवटच्या थांब्यावर बंद सुटकेस सापडली. मी ती वाचली. मानेतला दगड खांद्यात उतरला. मला माहीत होते की सुटकेस उघडायची आहे. त्यात पैसे ठेवता येतील, पत्रे ठेवता येतील, मांजर ठेवता येईल. वेळ जात होता. समोर घड्याळ उलटे मोजत होते. घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केले; जे येत होते ते केले. सुटकेस पोलिसांच्या ताब्यात देण्यात आली. आत काय होते ते समजू शकले नाही.

निकाल एप्रिलमध्ये आला. ऐकणे सात. वाचणे आठ. बोलणे सात. लिहिणे सहा.

ऑफिसात कोणालाही सांगितलेले नव्हते, फक्त शेजारच्या खुर्चीवरचे ज्येष्ठ सहकारी जाणून होते. ते म्हणाले, "बारा वर्षं दुसऱ्यांचं लिहिणं सुधारलंस आणि स्वतः लिहिण्यात नापास? हे आतल्या पानावर घेऊ का पहिल्या?" ते मला हलके करायला बोलले होते. मी स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडला आणि दहा मिनिटे तिथेच उभी राहिले. रडू आले नाही. थंडी वाजत होती. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेले होते.

निलेश फोनवर म्हणाला, "जाऊ दे न. एकच तर कमी आहे."  त्याच्या मागे कोणीतरी भांडी घासत होते. तो तळघरातल्या खोलीत आणखी तिघांबरोबर राहत होता. "मेमधली तारीख मिळते का पाहतेस?" त्याने विचारले. त्या आवाजात विनंती होती. ती ऐकून मला जास्त भीती वाटली. तोपर्यंत त्याने मला कधी विनंती केली नव्हती.

मेची तारीख मिळाली. नवतपाच्या मधोमध. वर्षातले सगळ्यात तापणारे ते नऊ दिवस; नागपूरकर या काळात लग्नालाही सकाळी लवकर जाऊन येतात.

त्यानंतरच्या दुपारी सासरे खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसू लागले. मी बोलावले नव्हते.

"बोलाच्या परीक्षेत काय करा लागते?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. एक जाहिरात देतात. परीक्षक आपला मित्र होतो. त्याला ती गोष्ट करायला राजी करायचे. तो प्रत्येक वाक्याला हरकत घेतो. आपण न अडखळता उत्तर देत राहायचे. दहा मिनिटे.

"मंग मी होतो मित्र."

"बाबा, तुम्हाला फ्रेंच कुठे येते?"

"मले हरकत घेता येते," ते म्हणाले. "जिंदगीभर व्यापाऱ्यांच्या हरकतीच ऐकल्या. माल भिजला, पेटी फुटली, गाडी लेट आली. तू तुझ्या भाषेत सांग, मी माझ्या भाषेत नाई म्हनतो. अन् समजलं नाई तं काय झालं? विहारात लहानपनापासून पालीत वंदना म्हनतो आपन. सगळं समजते का? म्हनता म्हनता आंगात भिनते."

असा तो सराव सुरू झाला. कूलर बंद, खिडकीला ओली चादर, सासऱ्यांच्या खांद्यावर पंचा, मांडीवर मनगटी घड्याळ. मी मराठीत विषय सांगायची आणि मग फ्रेंचमध्ये सुरू व्हायची. पोहण्याचा क्लास लावा. सायकल विकत घ्या. कुत्रा पाळा.

"कुत्रा? काहून? चावला तं?"

मी फ्रेंचमध्ये सांगे की ही जात चावत नाही.

"असं सगळेच म्हनते चावेपर्यंत."

मी फ्रेंचमध्ये सांगे की तुम्हाला सोबत होईल.

"अन् त्याले दोन टाइम खाऊ कोन घालीन? तू?"

मी अडखळले की ते बोट वर करत. "थांबली. थांबू नको. चूक बोल, पन थांबू नको." गोदामात ट्रक उभा राहिला की भाडे वाढते, इंजिन चालू ठेवावे लागते, असे ते सांगत. दिवसाला किती वेळा थांबले ते कॅलेंडरच्या मागे रेघा मारून लिहीत. पहिल्या दिवशी एकोणीस. मे लागला तेव्हा अकरा.

लिहिलेले मात्र त्यांच्यापुढे वाचता येत नव्हते. ते मी एकटी करायची. रोज एक बातमी, रोज खोटी. दोन तथ्ये घ्यायची आणि त्यांच्या मधली जागा भरायची. मादामचा हा मंत्र होता. बेकरीत आग लागली. बेकरीवाला गायब आहे. मध्ये काय झाले? पहिल्यांदा लिहिले तेव्हा गुन्हा केल्यासारखा तो कागद फाडून टाकला. पंधराव्या दिवशी फाडणे थांबले. पंचविसाव्या दिवशी मी बेकरीवाल्याला एक विधवा बहीण दिली, तिला घटस्फोटित मित्र दिला आणि मित्राच्या हाती काडेपेटी. मादामनी बरोबरची खूण केली. बाजूला लिहिले, अखेर!

मला आनंद व्हायला हवा होता. मी वही बंद केली आणि वाटले, हा हात आता परत ऑफिसात नेता येईल का?

मेच्या दुसऱ्या आठवड्यातली एक दुपार वेगळी नोंदवावी लागते. सरावाच्या संचातले पुढचे पान उघडले. जाहिरात होती एका गावाची. गावात माणसे कमी झाली आहेत, राहायला या, घरे मिळतील.

"आज काय आहे?" सासऱ्यांनी विचारले.

मी पान उलटवू शकले असते. "मित्राला दुसऱ्या गावी राहायला चल म्हणायचं आहे," मी म्हणाले.

"कोन्त्या गावी?"

"कोणत्याही. दूरच्या."

त्यांनी घड्याळ मांडीवर नीट ठेवले. "हं. चाल, सांग."

मी सुरू केले. गाव सुंदर आहे, घर मोठे आहे.

"तिथं मले कोन ओळखते?"

शेजारी चांगले आहेत, मी फ्रेंचमध्ये सांगितले. आठवड्यात ओळख होईल.

"पायऱ्यांवर बर्फ राह्यते म्हनते निल्या. घसरलो तं?"

बर्फ काढायला माणसे येतात. शिवाय आपले घर तळमजल्यावर आहे.

"तू जाशीन कामाले. मी दिवसभर खिडकीतून काय पाहू?"

बाग आहे. मुले खेळायला येतात. संध्याकाळी आपण दोघे फिरायला जाऊ.

"अन् मेलो तं कुठी नेशीन मले?"

मादामनी नेहमीच्या हरकतींची उत्तरे लिहून दिली होती, त्यांत याचे उत्तर नव्हते.  सासऱ्यांनी बोट वर केले.

"थांबली."

मी एक तयार वाक्य उचलले. त्याची चिंता आतापासून करायला नको, अजून खूप वेळ आहे. फ्रेंचमध्ये हे वाक्य फार सहज येते. ते ऐकून त्यांनी मान हलवली, जणू समजले. मग पंच्याने तोंड पुसले.

"झाले दहा मिनिट. मानला का तुझा मित्र?"

"वेळ संपते, बाबा. परीक्षक मानला असंच धरायचं."

"मंग मानला," ते म्हणाले आणि उठून त्यांनी स्वतःच कूलर सुरू केला.

मी जे सांगितले त्यातले एकही वाक्य मी तपासलेले नव्हते. बाग आहे की नाही मला माहीत नव्हते. तळमजला नव्हता, तळघर होते. आईवडिलांना तिकडे कायमचे नेण्याची वाट अर्जाच्या कागदांत मी शोधली होती आणि ती त्या वर्षी आमच्यासाठी बंद होती. हे त्यांना कळले नाही, कारण मी ते फ्रेंचमध्ये बोलले होते. समोरच्याला न समजणाऱ्या भाषेत वचन देणे याला काय म्हणतात, हे मी कोणत्याच शब्दकोशात पाहिले नाही. त्या दिवशीची रेघ एकच होती. एकदाच थांबले होते.

दुसरी परीक्षा झाली. बातमी आली: एका म्हाताऱ्या बाईने पहाटे सगळ्या गावाला जागे केले. तिने का जागे केले ते मी लिहिले, तिचे नाव लिहिले, तिच्या दिवंगत नवऱ्याचे नाव लिहिले, शेवटी उपस्थितांचे डोळे पाणावले. शब्द भरले. पेन खाली ठेवताना मला सुटल्यासारखे वाटले नाही. आपण हे करू शकतो, याचेच भय वाटले.

मग वाट पाहणे. पुन्हा बसावे लागले तर, म्हणून दुपारचा सराव चालूच होता. त्या आठवड्यांत मी सारखी फोन पाहत असे. मेलची खूण आली की हातातली बातमी अर्धी सोडून उघडत असे. बहुतेक वेळा तो कपड्यांच्या दुकानाचा असे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, ढग दाटून नुसतेच घामाने भिजवणाऱ्या दिवसांत, सासऱ्यांनी वरची खोली उघडली. ती निलेशची अभ्यासाची खोली. तो गेल्यापासून बंद होती. त्यांनी रंगारी बोलावला. मी खाली चहा करत होते तेव्हा वरून त्यांचा आवाज येत होता. "अठी नीट मार गा, पोपडे काढ अगोदर. मानूस राहनार आहे अठी, कबुतर नाई."

दुसऱ्या दिवशी नवा पंखा आला. तिसऱ्या दिवशी पलंगाचा मोडका पाय सुतार जोडून गेला. चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारले, "निल्याचं परमिट ऑक्टोबरलेच संपते न?"

"हो."

"हं," ते म्हणाले आणि भाजी वाढून घेतली.

मी दोन तथ्ये घेतली आणि त्यांच्या मधली जागा भरली. आता ते मला येत होते. मुलगा परत येणार म्हणून खोली रंगवली जात होती. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसणारा, रेघा मारणारा, थांबू नको म्हणणारा माणूस मी नापास व्हावे म्हणून वर भिंती पांढऱ्या करत होता. गोष्टीत कुठेही भोक नव्हते. मादामनी पाहिली असती तर बरोबरची खूण केली असती.

मला राग आला नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. भीती वाटली. त्यांचा काय दोष? म्हातारा बाप मुलाची वाट पाहणारच. भीती अशी होती की मेल येईल, त्यात सात असेल, आणि मला ते त्यांना सांगावे लागेल. तोपर्यंत मी सहाला घाबरत होते. त्या आठवड्यापासून साताला घाबरू लागले. विचारायला हवे होते. ऑफिसात कोणी एका बाजूची बातमी आणली तर मी परत पाठवते: संबंधिताला विचारलेस का? घरात संबंधित समोर बसून भाजी वाढून घेत होता आणि मी विचारले नाही.

मेल जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास आला. त्या दिवशी मी लवकरच्या पाळीला होते. फोन टेबलावर पालथा ठेवला. एक बातमी पाहून सोडली, दुसरी सोडली. मग जिन्यात जाऊन उघडला. ऐकणे आठ. वाचणे नऊ. बोलणे आठ. लिहिणे सात.

मी चारही ओळी तीनदा वाचल्या. वरचे नाव वाचले. माझेच होते. निलेशकडे ती पहाटेआधीची वेळ होती. त्याला उठवले नाही. अर्धी रजा टाकली आणि गाडी काढली. अजनी ओलांडताना लक्षात आले की आपण फार हळू चालवतो आहोत. मागून हॉर्न वाजत होते. घरी लवकर पोहोचायला नको होते. मनीषनगरच्या फाटकाजवळ मी वाक्य जुळवत होते. बाबा, मिळाले. नको. बाबा, झालं एकदाचं. नको. फ्रेंचमध्ये ते वाक्य तीन शब्दांचे होते.

गेटसमोर एक अनोळखी स्कूटर उभी होती. खालचे दार नुसते लोटलेले. वरच्या खोलीतून बोलणे ऐकू येत होते. मी जिना चढू लागले. अर्ध्यावर गेल्यावर सासऱ्यांचा आवाज स्पष्ट झाला.

"पंखा नवा आहे. पानी दोन टाइम येते. तुमची दोघांची ड्यूटी दवाखान्यात, म्हंजे एक जन तं घरी राहीनच."

"हो काका, आमच्या पाळ्या वेगवेगळ्या असतात," एका तरुण बाईचा आवाज होता. "कधीपासून द्याल खोली?"

"आत्ताच या न. सून आहे तवरच या. थे जाऊन राहिली कॅनडाले. तुम्ही आधीच राहाले आले तं तिले दिसन का घरात मानसं आहेत. तिच्या जिवाले घोर नाई राह्यनार."

"झालं का त्यांचं नक्की?" आता पुरुषाने विचारले.

"निकाल याचा आहे. पन जाते थे. मी रोज ऐकलं न तिचं बोलनं. पह्यले लय अडकत होती. आता थांबतच नाई."

मी जिन्याच्या कठड्याला धरले. लोखंड तापलेले होते.

"मग तुम्ही नाही जाणार का काका त्यांच्यासोबत?" बाईने विचारले.

 खोलीत कोणीतरी पंख्याचे बटण दाबले, तो फिरू लागला, पुन्हा बंद केला.

"मी कुठी जातो आता," सासरे म्हणाले. "किराया थोडा कमी द्या, चालते. पन संध्याकाळी वर मानसाचा आवाज पाह्यजे. मले एकट्याले भेव लागते." मग आवाज खाली आला. "तिच्यापुढं नका बोलू हे."

मी सहा पायऱ्या पाय न वाजवता उतरले. बाहेर गेले. गेट पूर्ण उघडले आणि गल्लीत ऐकू जाईल इतक्या जोराने लावले. मग नेहमीच्या आवाजात बाबा म्हणून हाक मारली आणि निकाल सांगायला वर गेले.